मामाच्या खोक्यावरचा ठसा

माझा मामा खोकी बनवतो. चपलांची, बुटांची, कधी घड्याळांची, कधी दिव्यांची. आयुष्यभर त्याने रिकाम्या वस्तू विकल्या आणि त्याचा त्याला फार अभिमान आहे. लोक आतल्या वस्तूसाठी दुकानात येतात, पण हातात धरून घरी नेतात ते माझं काम, असं तो म्हणतो. मग मामी विचारते, की असं आहे तर पैसे आतल्या वस्तूलाच जास्त का मिळतात. याचं उत्तर त्याला आजवर सापडलेलं नाही. उत्तर सापडलं नाही की तो खळीचं भांडं ढवळायला घेतो.

घराची पुढची खोली हाच त्याचा कारखाना. दारातून आत शिरलं की डाव्या हाताला पुठ्ठा कापायचं हाताने फिरवायचं यंत्र, उजव्या हाताला पुठ्ठ्याच्या थप्प्या आणि मध्ये एक लांब टेबल. टेबलाची एक कड मामाच्या पोटाने झिजून गुळगुळीत झाली आहे. खळीचा आंबूस वास पडद्यांत, उशांत आणि मामीच्या केसांतही मुरलेला. लहानपणी सुट्टीला तिथे राहून मी घरी परतले, की आई जवळ घ्यायच्या आधी मला आंघोळीला पिटाळायची.

मामाचा सगळा जीव खोक्याच्या कोपऱ्यात. बाकीचे लोक कोपऱ्याला पिना मारून मोकळे होतात. मामा पुठ्ठ्याचा एक तुकडा आत दुमडून खळीने बसवतो, वरून कागदाची पट्टी ओढून घेतो आणि अंगठ्याने असा काही दाबतो की जोड कुठे आहे ते नखालाही लागत नाही. इतकी वर्षं दाबून दाबून त्याचा उजवा अंगठा चपटा झाला आहे. पाहुणे आले की तो अंगठाही दाखवतो. मामीला ते मुळीच आवडत नाही.

आणि तयार खोक्यावर त्याचा ठसा. खोकं पूर्ण झालं की उलटं करायचं, रबरी ठसा शाईच्या पॅडवर टेकवायचा आणि तळाला उमटवायचा. त्यात मामाचं नाव, घराचा पत्ता आणि खाली बारीक अक्षरांत एक ओळ: ‘खोकं खराब निघाल्यास परत आणावं.’ ज्या म्हाताऱ्या कारागिराच्या हाताखाली तो शिकला, त्याची ही पद्धत. या धंद्यात दुसरं कोणी असलं काही करत नाही. खोकं म्हणजे फेकायची वस्तू, तिच्यावर कोण सही करणार? मामा करत आला. परत मात्र कोणी काही आणलं नाही. एकदा एक बाई आल्या होत्या, त्यांच्या मांजराने झाकण कुरतडलं होतं. मामाने त्यांना नवं झाकण करून दिलं आणि पुढे कित्येक महिने तो त्या मांजराची चौकशी करत होता.

हे सगळं सुरळीत चाललं होतं. मग एके दिवशी चपलांचा दुकानदार घरी आला. मामाची निम्म्याहून जास्त खोकी हाच माणूस घेतो. एरवी तो निरोप पाठवतो, त्या दिवशी स्वतः आला, खुर्चीवर टेकला आणि पाणीसुद्धा प्यायला. म्हणाला, आता साधेपणाचे दिवस आहेत, पुढच्या खोक्यांवर माझ्या दुकानाचं नाव नको. वरचा कागद नेहमीसारखा चकचकीत असू द्या, पण कोरा. मामाने विचारलं, आणि माझा ठसा? तो म्हणाला, तो राहू द्या की. उलट तळाशी कशाला लपवता, बाजूला घ्या, लोकांना दिसू द्या.

मामा हवेत गेला. मला फोन करून सांगितलं, आईला सांगितलं, समोरच्या शिंप्याला सांगितलं. एवढ्या वर्षांनी कोणीतरी कदर केली म्हणाला. मामी एवढंच म्हणाली की हा माणूस आपल्या घरी कधी पाणी पीत नाही, आजच कशी तहान लागली? मामाने तिकडे कानाडोळा केला आणि ठसा खोक्याच्या बाजूला, अगदी डोळ्यांत भरेल असा मारायला सुरुवात केली.

नवा नियम त्यानंतर आला. म्हणजे आम्हाला त्यानंतर कळला. दुकानदाराला आधीच कळला असणार, हे आता मी शपथेवर सांगते. नगरपालिकेने चौकाचौकात फलक लावले: वस्तूचं वेष्टन ज्याच्या नावाचं, त्याचा कचरा उचलण्याचा आणि विल्हेवाटीचा खर्च त्याच्याकडे. लोकांनी फलक वाचला आणि घरातलं खोकं हातात घेऊन त्याच्यावर नाव शोधलं. नाव सापडलं, पत्ता सापडला. भरीस भर म्हणून परत आणा अशी विनंतीही सापडली.

पहिल्या आल्या त्या जवळच्या शाळेतल्या बाई, रिकामी खोकी दोरीने नीट बांधून. मामाला वाटलं, खराब निघाली. त्याने चष्मा लावून एकेक कोपरा तपासला आणि गोंधळून विचारलं, यात बिघडलंय काय? काहीच नाही, बाई म्हणाल्या, तुमची आहेत ना, म्हणून आणली. मामाला हे इतकं विचित्र वाटलं की त्याने खोकी ठेवून घेतली आणि त्यांना चहा विचारला.

मग रांगच लागली. दवाखान्यातली नर्स आली, न्हावी आला, नुकतंच लग्न झालेलं एक जोडपं पोतंभर खोकी घेऊन आलं. भंगारवाला ही खोकी घेत नाही, कारण वरच्या चकचकीत कागदामुळे त्यांचा लगदा नीट होत नाही. चकचकीत कागद दुकानदाराला हवा असतो, आणि दुकानदार म्हणतो गिऱ्हाइकाला हवा असतो. गिऱ्हाईक मामाच्या दारात उभं राहून म्हणत होतं की आम्हाला फक्त चपला हव्या होत्या. खोक्यांच्या आत चुरगळलेले कागद, ओल शोषायच्या पुड्या, थर्माकोलचे तुकडे. कोणीतरी तर एक फुटका टेबलफॅन आत कोंबून दिला होता. मामाने तोही ठेवून घेतला.

मामी बोटं मोडत होती. आधी पुढची खोली भरली, मग मधली, मग पलंगाखालची जागा. स्वयंपाकघरात जायला आडवं होऊन जावं लागायचं. आणि मामा? त्याच्या डोक्याला ताप होता, रात्रीची झोप उडाली होती, हे खरंच. पण दारावर थाप पडली की तोच आधी उठायचा. एवढी वर्षं त्याची खोकी कुठे जातात हे त्याला कधी कळलंच नव्हतं. आता माणसं समोर उभी राहून सांगत होती. नर्स म्हणाली, यात मी औषधांच्या बाटल्या ठेवायचे. न्हाव्याने त्यात कात्र्या ठेवल्या होत्या. नव्या नवरीने त्यातल्या एका खोक्यात तिच्या आजीची पत्रं जपली होती आणि ते एक खोकं परत द्यायला ती तयार नव्हती. फक्त दाखवायला आणलं होतं. मामाने ते उलटंपालटं करून बघितलं आणि कोपरा थोडा उचकटला होता तिथे खळ लावून दिली. एकीकडे घर बुजत चाललं होतं आणि दुसरीकडे तो इतका खूश होता की मला त्याचा राग यावा की कौतुक वाटावं, ठरवता येईना.

मला बोलावणं आलं ते सफाई निरीक्षक दारात येऊन गेल्यावर. तो मामाचंच खोकं हातात घेऊन आला होता आणि सांगून गेला की गावभर पसरलेल्या या खोक्यांचा खर्च आता तुम्ही भरायचा, ऑफिसात येऊन भेटा. मी शिकलेली भाची. कायद्याचं कुठलंही काम निघालं की घरचे मला पुढे करतात. मी वकील नाही, मी वाचनालयात काम करते, हे कोणाच्या डोक्यात शिरत नाही. मी नियम मिळवला आणि वाचला. मामाला समजावून सांगितला. मग पुन्हा वाचला आणि वेगळाच समजावून सांगितला. तिसऱ्यांदा मी सुरुवात केल्यावर मामी म्हणाली, तू जरा थांब आणि जेवून घे.

कारण वाचावं तिथे तो नियम बरोबरच वाटत होता. जो वस्तू बाजारात आणतो त्याने तिच्या कचऱ्याचं बघावं, यात चूक काय? पण बाजारात आणलं कोणी? पुठ्ठा गिरणीने केला, खोकं मामाने केलं, चपला दुसऱ्याच कोणी केल्या, दुकानदाराने दोन्ही एकत्र विकलं आणि गिऱ्हाइकाने खुशीने घरी नेलं. मी दुकानदाराकडेही जाऊन आले. तो गोड हसला. म्हणाला, माझं नाव कुठे दिसतंय का बघा. मी भांडायच्या तयारीने गेले होते आणि तोंडात मारल्यासारखी परत आले.

मग मामाला घेऊन नगरपालिकेत गेले. कचरा विभागाची खोली तळमजल्यावर आहे, खिडकीला लागून, आणि खिडकीत रिकाम्या बाटल्यांत लावलेली रोपं आहेत. टेबलामागच्या बाई माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी आम्हाला बसवलं, सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही. भांडायला गेलेल्या माणसाची अशी फार पंचाईत होते.

मामा घरून सगळं पाठ करून आला होता, पण ऐनवेळी विसरला. नुसता खोकं हातात धरून बसला. मग म्हणाला, "बाई, माझ्या घरातून गेलं तेव्हा हा कचरा नव्हता. चांगला माल होता. कचरा तो दुसऱ्याच्या घरी झाला. मग तो माझा कसा?"

"कधी झाला म्हणता कचरा?" त्यांनी विचारलं. मामाने माझ्याकडे बघितलं. मी त्या रोपांकडे बघितलं.

"मलाही सांगता येत नाही," बाई म्हणाल्या. "आमच्याकडे लिहिलंय, ज्याचं नाव त्याचा खर्च. कोणाच्या तरी गळ्यात घातल्याशिवाय तो उचलला जात नाही, काका. आधी कोणाचाच नव्हता, तेव्हा सगळा नाल्यात जात होता."

नाला मी रोज बघते. त्यांचं बरोबर होतं, मामाचं बरोबर होतं, आणि त्या गोड हसणाऱ्या माणसाचंसुद्धा कागदावर बरोबर होतं, याचाच मला जास्त संताप आला. खर्चाचा आकडा त्यांनी हळू आवाजात सांगितला. एका खोक्यामागे मामाला सुटतं त्याहून तो जास्त होता. म्हणजे जितकी खोकी करेल तितका तो बुडणार. कारखाना बंद करावा लागणार हे त्याला लगेच कळलं असणार, कारण त्याचा चपटा अंगठा टेबलाच्या कडेवर कोपरा दाबल्यासारखा दाबत राहिला.

उठताना बाईंनीच वाट दाखवली. ठसा मारू नका, त्या म्हणाल्या. नाव नसलेलं खोकं सार्वजनिक कचऱ्यात धरतात, त्याचा खर्च नगरपालिका करते. आधी झालं त्याचं मी बघते. मी विचारलं, नगरपालिका म्हणजे आम्हीच ना कर भरणारे? त्या म्हणाल्या, हो, आपण सगळेच. आणि त्यांनाही ते पुरतं पटलेलं दिसलं नाही.

घरी आल्यावर मामीने अर्ध्या वाक्यातच निकाल दिला. एवढंच ना, मग नका मारू ठसा. कोणी बघत नाही, कोणी वाचत नाही, आणि वाचलं तर घरात थर्माकोल येतं. मीही तिचीच री ओढली. मामा म्हणाला, मग खोकं कोणी केलं ते कसं कळणार? कशाला कळायला हवंय, मामी म्हणाली. तो खळीचं भांडं ढवळायला लागला आणि बराच वेळ ढवळत राहिला. मग त्याने ठसा आणि पॅड कपाटात ठेवून दिलं. मला सुटल्यासारखं वाटलं, हे मी लपवत नाही.

साठलेली खोकी नगरपालिकेची गाडी येऊन घेऊन गेली. फुटका पंखाही गेला. घर पुन्हा घरासारखं झालं आणि मामी दोन्ही हात पसरून खोल्यांतून फिरली. नवी खोकी जायला लागली, कोरी. मी अधूनमधून जाऊन बघायचे. खोकं पूर्ण झालं की मामा ते सवयीने उलटं करायचा, हात उजवीकडे न्यायचा आणि मग तो हात तसाच मागे आणून दुसरा पुठ्ठा उचलायचा. दारावर कोणी यायचं नाही. काम चालू होतं, पैसे येत होते, आणि मामा मात्र घरात पाहुण्यासारखा वागायला लागला होता. पाणी हवं असलं तरी मागायचा नाही.

त्या दिवशी मी तिथेच होते. दुपारची वेळ, दार उघडं. एक आजी दारात येऊन उभ्या राहिल्या. पायांवर सूज होती, त्यावर नव्या मऊ सपाता, आणि हातात त्या सपातांचं खोकं. शेजारच्या नर्सने त्यांना सांगितलं होतं की खोकी इथे घेतात. कचऱ्याच्या गाडीत टाकायला गेले होते, आजी म्हणाल्या, पण इतकं नेटकं खोकं टाकवेना.

मामाने खोकं हातात घेतलं. कोरं होतं. त्याचा अंगठा आपोआप कोपऱ्यावर गेला आणि मला वाटलं, आता तो चष्मा शोधेल, आजींना बसायला सांगेल. मामी आतून बाहेर आली होती आणि डोळे वटारून त्याच्याकडे बघत होती. मीसुद्धा मानेने नाही म्हटलं असणार. एक घेतलं की उद्या पोतं येतं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

"हे माझं नाही," मामा म्हणाला.

आजी ओशाळल्या. "नाव नाहीच म्हणा त्याच्यावर," त्या म्हणाल्या. "पण कोपरा तुमचाच वाटला. आमच्याकडे एक जुनं आहे तुमचं, त्याचा असाच आहे." मामाने खोकं परत त्यांच्या हातात दिलं. दुसऱ्या कोणाचं असेल, तो म्हणाला, हल्ली सगळे असंच करतात. आजींनी चुकलं म्हणून सांगितलं आणि भिंतीला हात लावत, एकेक पाऊल टाकत त्या निघाल्या.

मामा टेबलाशी येऊन उभा राहिला. त्याने पुठ्ठा घेतला, ठेवला, पुन्हा घेतला. आमच्या घरात माणसं खोटं बोलतात, मीही बोलते, पण मामाला मी पहिल्यांदा ऐकलं होतं आणि ते आम्ही दोघींनी त्याच्याकडून बोलवून घेतलं होतं. मला कुठे बघावं ते समजेना.

मग तो गेला. चपला न घालता गेला. मी दारात येऊन बघितलं तर तो रस्त्याच्या कडेने भरभर चालत होता आणि आजी शिंप्याच्या दुकानापर्यंतसुद्धा पोहोचल्या नव्हत्या. तो त्यांच्याशी काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. दोघं परत आली तेव्हा खोकं मामाच्या काखेत होतं आणि आजींचा हात त्याच्या हातात.

त्याने त्यांना खुर्चीवर बसवलं आणि कपाट उघडलं. ठसा सापडला, पण पॅड वाळून कडक झालं होतं. त्याने दाबून बघितलं, तोंडाची वाफ देऊन बघितलं, शाई काही उठेना. तेवढ्यात मामी आतून शाईची बाटली घेऊन आली. तिने पॅडवर शाई ओतली, जरा जास्तच ओतली, आणि बाटली टेबलावर ठेवून तिथेच उभी राहिली. मामाने खोकं उलटं केलं आणि ठसा उमटवला. बाजूला नाही, पूर्वीसारखा तळाशी.

"माझंच आहे," तो आजींना म्हणाला. "मघाशी मी खोटं बोललो."

आजींनी मान डोलावली. खोकं मांडीवर घेऊन त्यांनी ती ओली अक्षरं डोळ्यांजवळ धरून वाचली, नाव, पत्ता आणि खालची ओळ. मग काळजीने विचारलं, "म्हणजे आता याचे पैसे कोणी भरायचे? मला काही द्यावं लागेल का?"

मामाने मामीकडे बघितलं. मामीने माझ्याकडे बघितलं. मी शिकलेली, तो नियम तीनदा वाचलेली, मी शाईच्या बाटलीचं झाकण लावायला घेतलं. शेवटी मामाच म्हणाला, "ते आम्हालाही कळलेलं नाही, आजी. तुम्ही बसा, मी चहा टाकतो."